कुमामोतोचा किल्ला: तेन्शु नंतर, आधी तट बघा

दुर्गयात्री

जपानच्या क्युशू बेटावरच्या कुमामोतो किल्ल्याबद्दल लिहिताना बहुतेकांचं लक्ष काळ्या-पांढऱ्या तेन्शुवर, म्हणजे मुख्य मनोऱ्यावर खिळतं. तो मनोरा १९६० साली बांधलेला, काँक्रीटचा आहे. किल्ल्याचा जुना ऐवज म्हणाल तर उतो यागुरासारख्या (यागुरा म्हणजे तटावरचा मनोरा) १३ संरक्षित वास्तू आणि सुमारे ७९,००० चौरस मीटर दगडी तट. या किल्ल्याचा इतिहास तटातूनच नीट समजतो, म्हणून हा धागा.

आधी थोडक्यात कालक्रम. कातो कियोमासा हा तोयोतोमी हिदेयोशीचा सरदार. १५८८ मध्ये त्याला हिगो प्रांताचा अर्धा भाग मिळाला. १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईत तो तोकुगावांच्या बाजूने राहिला आणि जवळजवळ सगळा हिगो त्याच्याकडे आला. चाउसु टेकडीवरचं मुख्य बांधकाम १६०१ च्या सुमारास सुरू झालं आणि १६०७ मध्ये पुरं झालं. पसारा ९८ हेक्टर, घेर ५.३ किमी, ४९ यागुरा, १८ मनोऱ्याचे दरवाजे, २९ साधे दरवाजे आणि १२० च्या वर विहिरी.

विहिरींच्या आकड्यामागे कारण आहे. १५९७-९८ च्या हिवाळ्यात कोरियातल्या उल्सानच्या गढीत कियोमासा अडकला होता. गढी अर्धवट बांधलेली, आत ना दाणा ना पाणी, आणि बाहेर मिंग (चिनी) आणि कोरियन फौजेचा वेढा. त्या वेढ्यातून जगून आलेल्या माणसाने बांधलेला किल्ला आहे हा, हे डोक्यात ठेवलं की त्याची रचना उलगडत जाते.

कातो घराणं पुढच्याच पिढीत संपलं. १६३२ मध्ये शोगुनने कियोमासाच्या मुलाची, तादाहिरोची जहागीर काढून घेतली आणि होसोकावा तादातोशी आला. होसोकावांनी किल्ला १८७१ पर्यंत सांभाळला, नंतर तिथे लष्कराची छावणी पडली.

किल्ल्याची खरी परीक्षा झाली ती बांधकामानंतर २७० वर्षांनी. १८७७ च्या फेब्रुवारीत साईगो ताकामोरी सरकारविरुद्ध बंड करून १३,००० च्या आसपास सामुराई घेऊन कागोशिमाहून निघाला. किल्ल्यात सरकारी सेनापती तानी तातेकीच्या हाताखाली साधारण साडेतीन हजार शिबंदी, त्यातले बरेचसे सक्तीच्या भरतीचे शिपाई. १९ फेब्रुवारीला, वेढा पडायच्या तीन दिवस आधी, तेन्शु आणि राजवाडा आगीत गेले. आग कुणी लावली यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. तानीने शत्रूला निशाणा मिळू नये म्हणून स्वतःच लावली, फितुरी झाली, की अपघात, तिन्ही मतं चालतात. वेढा पन्नासहून जास्त दिवस चालला. तोफा, बंदुका सगळं झालं, पण तट चढून एकही माणूस आत शिरला नाही. मनोरा जळून गेल्यावरही किल्ला लढला तो निव्वळ तटाच्या जोरावर.

तटाच्या बांधणीबद्दल जाणकारांनी लिहावं.

अश्मक

छान सुरुवात. बांधणीचं मी घेतो.

पहिली गोष्ट, या तटात चुना नाही. सगळी शुष्कसांधी रचना आहे. दगड जवळच्या किनपो डोंगरातला अँडेसाइट, टणक, करड्या रंगाचा. टेकडी मात्र दगडाची नाही. ती आसो ज्वालामुखीच्या सुमारे ९०,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटात साचलेल्या राखेची आणि त्यावर टाकलेल्या भरावाची आहे. मऊ टेकडीला दगडाचं आवरण घातलंय, असं समजा.

तट आतून तीन पदरी असतो. बाहेर दर्शनी दगड. त्याचं तोंड लहान दिसतं, पण शेपूट आत लांब गेलेलं असतं. ही शेपटाची लांबी (जपानीत *हिकाए*) तोंडाच्या रुंदीपेक्षा जास्त हवी. नवखा माणूस मोठं तोंड बाहेर ठेवून दगड आडवा लावतो. त्याने भिंत झटपट उभी राहते आणि तितक्याच झटपट पडते. प्रत्येक दगड किंचित आतल्या बाजूला कललेला ठेवतात, म्हणजे वरचं वजन त्याला टेकडीकडे दाबतं, आणि तो हलू नये म्हणून मागच्या टोकाखाली चिपा सारून आधार देतात. चिपा निसटली की दगड डुगडुगायला लागतो.

दुसरा पदर गोट्यांचा, *कुरी-इशी*. साधारण १५-२० सेंमीचे दगड, थराची जाडी जागेनुसार एक ते कित्येक मीटर. पाण्याचा निचरा आणि धक्का शोषणं ही त्याची कामं. पावसाचं पाणी इथून खाली उतरून पायातून बाहेर पडायला हवं. मागची माती वाहत येऊन या फटींत बसली की निचरा तुंबतो आणि तटावर पाण्याचा दाब येतो. तिसरा पदर टेकडीची माती किंवा भराव.

आता उतार. खाली चार पावलं धावत चढता येईल इतका सौम्य, आणि वर जाता जाता वळत जवळजवळ उभा. याला *मुशा-गाएशी* म्हणतात, म्हणजे योद्ध्याला परत फिरवणारा. पण तो फक्त चढणाऱ्याला थोपवण्यासाठी आहे असं मानणं अपुरं आहे. राखेच्या मऊ जमिनीवर वीस मीटर उंच तट उभा करायचा तर खालचा भाग रुंद पसरून वजन वाटून द्यावं लागतं. वर मनोऱ्याला सपाट जागा हवी, म्हणून तिथे भिंत उभी करावी लागते. या दोन गरजा जोडल्या की हा वळसा आपोआप तयार होतो.

कोपरे वेगळे बांधतात. लांबट घडीव दगड एका थरात एका बाजूला, पुढच्या थरात दुसऱ्या बाजूला, असे आलटून पालटून. ही *सांगी-झुमी*. हा प्रकार १६०० च्या आसपास पक्का झाला, म्हणून कोपरा बघून तटाचं वय साधारण सांगता येतं. राजवाड्याच्या नैऋत्येला दोन तट एकमेकांना चिकटून उभे आहेत. जुना सौम्य उताराचा, त्याच्या कोपऱ्याचे दगड ओबडधोबड. नंतर वाढवलेला जास्त उभा, त्याच्या कोपऱ्यात लांब-आखूड दगडांची ओळ सरळ दिसते. मधल्या काही वर्षांत पाथरवट किती शिकले, ते या एका जागेवर मोजता येतं.

मीरा_ज

वाचनखूण साठवली. शेपूट, गोटे, उतार एवढं सगळं नीट असताना २०१६ च्या भूकंपात इतकी पडझड का झाली? आणि जपानमध्ये भूकंप काही नवे नाहीत, मग आधी काय व्हायचं?

फुकुओकाकर

मीराताई, आधी आकडे देतो, मग कारणांकडे वळू.

धक्के दोन होते. १४ एप्रिल २०१६, रात्री ९:२६, ६.५ तीव्रतेचा. मग १६ एप्रिल, रात्री १:२५, ७.३ तीव्रतेचा. पहिल्याने सैल झालेलं दुसऱ्याने पाडलं. किल्ल्याच्या तटाचे एकूण ९७३ पृष्ठभाग मोजले जातात. त्यांपैकी २२९ पृष्ठभागांवर दगड कोसळले, क्षेत्र सुमारे ८,२०० चौरस मीटर. फुगलेला किंवा सैल झालेला भाग धरला तर ५१७ पृष्ठभाग, सुमारे २३,६०० चौरस मीटर. म्हणजे उभा दिसणारा बराच तटही उतरवून पुन्हा रचावा लागणार. १३ च्या १३ संरक्षित वास्तूंना इजा झाली. ईशान्येकडचे दोन लांब यागुरा खालच्या तटासकट घसरले. नदीकाठच्या २४२ मीटर लांब भिंतीचा सुमारे ८० मीटर भाग आडवा झाला. नुकसानीचा अंदाज ६३.४ अब्ज येन. त्यातले ४२.५ अब्ज एकट्या तटाचे.

आधीच्या भूकंपांचं विचारलंत. १६२५ मध्ये मोठा भूकंप झाला, दारूकोठार उडालं आणि मनोऱ्याचंही नुकसान झालं. २८ जुलै १८८९ ला पुन्हा झाला, तेव्हा किल्ला लष्कराकडे होता. लष्कराने पडलेल्या जागा नोंदवून नकाशा केला आणि डागडुजी केली. २०१६ नंतर तो नकाशा समोर ठेवला तेव्हा दिसलं की आत्ता पडलेल्या जागांपैकी तीन-चतुर्थांशाच्या आसपास जागा १८८९ मध्येही बिघडलेल्या होत्या. कियोमासाचे तट पक्के आणि नंतरचे कच्चे, असा सरळ निष्कर्ष काही जण काढतात. मला तो घाईचा वाटतो. त्या जागा मुळातच अवघड आहेत. कुठे खोल भराव, कुठे टेकडीची कड, कुठे बाहेर आलेला कोपरा. कियोमासाचा तटही तिथे पडलाच होता, म्हणून तर दुरुस्ती करावी लागली.

अश्मक

फुकुओकाकर यांच्याशी सहमत. त्यात एवढीच भर की दुरुस्तीचा दर्जा हेही कारण आहेच, फक्त एकमेव नाही.

पडण्याची क्रिया अशी. जमीन हलली की गोट्यांचा थर खडखडतो आणि दाटून बसतो. दर्शनी दगड प्रत्येक हेलकाव्याला किंचित बाहेर सरकतो. तेवढ्यात मागे फट पडते, वरचा गोटा त्या फटीत घसरतो आणि पाचर बनून बसतो. आता दगड मागे जाऊ शकत नाही. पुढच्या हेलकाव्याला आणखी थोडा बाहेर. शंभर वर्षं छोटे धक्के बसत राहिले तरी हेच होतं, सावकाश. परिणामी तटाला पोट सुटतं. पोट बहुधा मध्यावर किंवा त्याच्या थोडं खाली येतं आणि वरच्या सपाटीला तटालगत जमीन खचून चर दिसतो. हे दोन्ही एकत्र दिसलं तर समजावं की तट आतून हलला आहे.

बाकी बघायच्या खुणा:
- दगडांमधल्या भरीच्या चिपा खाली पडलेल्या
- उभे सांधे एकाखाली एक आलेले (वरच्या दगडाने खालचा सांधा झाकायला हवा)
- दगडाला उभी चीर, म्हणजे भार एकाच बिंदूवर आलाय
- सांध्यात मूळ धरलेलं झाड

एक खूण खास या किल्ल्याची. तेन्शुच्या जोत्यातले काही दगड १८७७ च्या आगीने भाजलेले आहेत. भाजलेला अँडेसाइट लालसर पडतो, पापुद्रे सुटतात आणि ताकद जाते. असा दगड भार सोसणाऱ्या जागी पुन्हा लावावा की नाही, हा दर वेळी वादाचा विषय होतो.

गवंडीदादा

किल्ल्यातल्या ईदामारू भागाच्या पाच मजली मनोऱ्याबद्दल कुणीतरी लिहा. तो फोटो जगभर गेला होता.

फुकुओकाकर

लिहितो. तो मनोरा मूळचा नाही, २००५ मध्ये जुन्या पद्धतीने लाकडात पुन्हा बांधलेला. २०१६ मध्ये त्याच्या खालच्या तटाचे दोन्ही बाजूंचे दगड गेले आणि मनोऱ्याचा कोपरा उरलेल्या कोपऱ्याच्या दगडांच्या एका उभ्या रांगेवर तोलून राहिला. कारण वर अश्मक यांनी सांगितलेली सांगी-झुमी. कोपऱ्याचे दगड मोठे, घडीव आणि एकमेकांत गुंतलेले, बाजूचे तसे नाहीत. लाकडी सांगाडा एकसंध असल्यामुळे अधांतरी भागही लगेच खाली आला नाही.

खाली माणसं पाठवणं शक्यच नव्हतं. म्हणून पोलादी चौकट बाजूच्या घट्ट जमिनीवर उभी करून तिचे हात मनोऱ्याखाली सारले आणि भार त्यावर घेतला. २०१६ च्या जुलैमध्ये हे साधलं. नंतर मनोरा उतरवून ठेवला आणि तट सोडवायला घेतला. तेव्हा आत आणखी एक तट सापडला, आधीच्या काळातला, नंतरच्या विस्तारात गाडला गेलेला. विस्तार करताना जुना तट न पाडता त्याच्यापुढे नवा रचत गेले, याचा हा पुरावा. आत टणक जुना तट आणि बाहेर सैल गोट्यांचा भराव असेल तर धक्क्यात दोन्ही वेगवेगळे हलणार, हेही लक्षात घ्यायला हवं.

मीरा_ज

एवढे दगड खाली पडल्यावर कोणता कुठला, हे कसं ठरवतात? नवे घडवून लावणं सोपं नाही का?

अश्मक

सोपं आहे, पण मग तो चारशे वर्षांचा तट राहत नाही. संरक्षित वास्तूचा नियम असा की दगड मूळ जागी, मूळ पद्धतीने परत गेला पाहिजे. क्रम साधारण असा असतो.

पडलेला ढीग आहे त्या स्थितीत मोजून घेतात, लेसर स्कॅन आणि वरून फोटो. कोणता दगड ढिगात कुठे पडला यावरून तो तटात किती उंचीवर असावा, याचा अंदाज येतो. मग एकेक दगड उचलून त्यावर क्रमांक, आणि मोकळ्या मैदानात ओळीने मांडणी. कुमामोतोत किल्ल्याच्या आवारातली मैदानं अशा दगडांनी भरून गेली. प्रत्येकाची लांबी, रुंदी, शेपूट, वजन, चिरा, पाचरीच्या खाचा, सगळं कार्डावर.

नंतर ओळख पटवणं. इथे नशिबाने भूकंपाआधीचा फोटोंचा मोठा साठा तयार होता. तोप्पान कंपनीने किल्ल्याचं आभासी रूप उभं करायला तो काढला होता. कुमामोतो विद्यापीठातल्या संशोधकांनी पडलेल्या दगडाच्या तोंडाचा आकार जुन्या फोटोतल्या आकाराशी संगणकावर जुळवायची पद्धत बसवली. ईदामारूच्या तटात तिने बरंच काम हलकं केलं. तरी शेवटचा शब्द पाथरवटाचा, कारण फोटोत फक्त तोंड दिसतं आणि दगड बसतो तो शेपटावर.

जो भाग फुगलाय पण उभा आहे, तो पडायच्या आत सोडवतात. आधी तटावर शाईने उभ्या-आडव्या रेघा मारतात, म्हणजे परत रचताना रेघ जुळते का ते बघता येतं. मग वरून एकेक थर उतरवायचा. दर थराला मागच्या गोट्यांचा आणि मातीचा छेद नोंदवायचा. घाई केली तर इथेच. छेद एकदा गेला की त्या जागेचा इतिहास गेला.

फुटलेला दगड स्टेनलेस स्टीलच्या सळया आणि चिकटद्रव्याने जोडता येतो. अगदीच निकामी असेल तर त्याच जातीचा नवा.

रचताना उताराच्या वळणाप्रमाणे लाकडी साचे उभे करून दोरी ताणतात. दगड बसवला की चिपा, मग मागे गोटे हाताने रचायचे. वरून ओतायचे नाहीत. ओतलेल्या गोट्यांत पोकळ्या राहतात आणि पुढच्या धक्क्यात तेच बसून तटाला पोट आणतात. हे एक काम कंटाळवाणं म्हणून टाळलं तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. काही जागी गोट्यांच्या थरांमध्ये जाळी आडवी अंथरली जाते, म्हणजे थर एकत्र हलावेत. किती नवं साहित्य घालायचं यावर तज्ज्ञांची समिती जागा बघून ठरवते. माझं मत, वर माणसं फिरणार असतील तिथे जाळी घालावीच. बाहेरून ती दिसत नाही आणि पुढे काढताही येते.

कोकणकडा

तेन्शु काँक्रीटचा, म्हणून खोटा, असं म्हणणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. १९६० मध्ये त्याचा भार जोत्याच्या दगडांवर न टाकता खोल पायावर घेतला होता. २०१६ मध्ये धाकट्या तेन्शुच्या जोत्याचे दगड ढासळले, थोरल्याच्या माथ्यावरची कौलं आणि *शाची* (छपराच्या आढ्यावरचे मासे) खाली आले, तरी इमारती उभ्या राहिल्या, त्या या पायामुळेच. दुरुस्तीत आत धक्के शोषणारे डँपर बसवले आणि कौलं हलक्या पद्धतीने घट्ट केली. २८ जून २०२१ ला तो आतून खुला झाला. बाहेरून तो १८७७ पूर्वीच्या फोटोंशी जुळवलेला आहे. वास्तू म्हणून जुना नसला तरी रूप बरंच खात्रीचं आहे.

आपल्याकडच्यांसाठी एक मुद्दा. मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे तट ढासळतो. आपला बराच तट चुन्यातला, त्यामुळे रचायची पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. पण प्रत्येक तटाचे समोरून, पुरेशा बारकाईचे, मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो आधीच हवेत, हा धडा दोन्हीकडे सारखा लागू आहे. दुर्गसंवर्धनाच्या मोहिमांत साफसफाईआधी हे करावं. पडलेला चिरा उचलून कडेला रचून टाकला की त्याची जागा कायमची हरवते.

दुर्गयात्री

सगळ्यांचे आभार. जाणाऱ्यांसाठी बघायचा क्रम सुचवतो.

दक्षिणेकडून सुरू करा. नदीकाठची २४२ मीटरची लांब भिंत आधी, ती २०२१ च्या सुरुवातीला पुरी दुरुस्त झाली. मग उंचावरून जाणारा ३५० मीटरचा तात्पुरता पादचारी पूल. तो जून २०२० पासून खुला आहे, आणि सोडवलेले तट, मांडलेले दगड वरून दिसतात ते फक्त इथूनच. अश्मक यांनी सांगितलेले दोन चिकटलेले तट याच वाटेवर लागतात. तिथे थांबून दोन्ही कोपरे थरागणिक मोजा. मग तेन्शुचं जोतं, भाजलेले दगड शोधत. तेन्शुच्या आत शेवटी जा.

उतो यागुरा हा कियोमासाच्या काळापासून वाचलेला मनोरा, बाहेरून तीन आणि आतून पाच मजली, खालचा तट वीस मीटरच्या आसपास. तो सध्या दुरुस्तीसाठी सोडवलेला आहे आणि पुरा व्हायला २०३२ उजाडेल असं नियोजन आहे. त्यामुळे जुन्या फोटोंच्या भरवशावर जाऊ नका. सगळ्या किल्ल्याचं काम आधी २०३७ पर्यंत संपवायचं ठरलं होतं. २०२३ मध्ये ते वर्ष पुढे ढकलून २०५२ केलं.

गवंडीदादा

पंधरा वर्षं वाढली ती कशामुळे? पैसा?

अश्मक

पैसा आहेच, पण मुख्य अडचण हातांची आणि जागेची. तटाचे सगळे भाग एकदम सोडवता येत नाहीत. एक भाग उतरवला की त्याचे दगड मांडायला मैदान लागतं, क्रेनला वाट लागते, आणि ती वाट बहुधा दुसऱ्या सैल तटाखालून जाते. म्हणून कोणता तट आधी, हा क्रम ठरवण्यातच खूप वेळ जातो. त्यात शुष्कसांधी रचू शकणारे पाथरवट मोजकेच, आणि दर थराची नोंद केल्याशिवाय पुढचा थर उतरवायचा नाही. यातलं काहीही कमी करून वेग वाढवता येईल, पण १८८९ च्या नकाशावर पुन्हा त्याच जागा उमटलेल्या बघितल्यावर तसं करायचं कारण राहत नाही.